कुंपणापल्याडची जाळी

(गडचिरोली जिल्ह्यातलं गाव. धान निसवायचे दिवस. बांबूच्या कुडाच्या दोन बाजूंना दोघी.)

— अवं वहिनी, भांडे मंग घासा. पलीकडच्या शेजारणीनं दुधीच्या मांडवावर काय पसरवलं ते पाह्यलं का?

— जाळी दिसते.

— जाळी कायची! आशाताईनं पावसाळ्याआधी वाटलेली मच्छरदाणी आहे ते. कोंबड्या वेल टोचतात म्हणे. वेल जाळीत अन् लेकरं उघड्यावर! दुसरी तिच्या दिरानं नेली बोडीत मासे धराले. धाग्यातलं औषध पाण्यात उतरलं का मासोळ्या-झिंगे सारे मरतात. येतील मंग माझ्याच दारी वाटीभर मासे मागाले.

— जाऊ द्या ना. जाळी तिची, मच्छर तिचे. तुमचं काय जाते?

— इथंच तं गोम आहे! तिच्या घरचा मच्छर तिच्याच घरी राहते काय? तापाच्या माणसाचं रक्त पिते मादी, दहा-बारा दिवसांत तिच्या आंगात जंतू तयार होतात, अन् मंग चावते ती तुमच्या-माझ्या लेकराले. कूड पाहून थांबत नाही ते. अन् साऱ्या घरी जाळ्या टांगल्या तं त्याच्यावर बसून बसून मच्छरच कमी होतात. आपण टांगाची अन् हिनं फुकटात निजाचं! मलेरियाच्या यादीत आपला जिल्हा उगाच नाही राज्यात वर.

— मी तं रोज टांगतो बाई. आताच नदीवर नेऊन, दगडावर आपटून स्वच्छ धुतली. कडक उन्हात वाळवली.

— अगं बाई! तुम्ही तिच्यावर ताण केली. वीस धुण्यांपर्यंत, तीनेक वर्षं टिकाचं औषध ते, आपटून अन् उन्हानं जाते. बादलीत, साध्या साबणानं, हलक्या हातानं धुवाची अन् सावलीत वाळवाची. पाणीही नदी-बोडीत ओताचं नाही.

— सांगाचं ना आधी! नवी होती तं पोरीचं आंग खाजवे, डोळे चुरचुरत.

— पाकिटातून काढून एक दिवस सावलीत टांगाची असते. अन् तुमचे मालक? रानडुकरं हाकलाले जागलीवर जातात, मचाणावर उघडेच निजतात ना? हा मच्छर रात्रीचाच चावते. त्यायच्याजवळ एक जाळी द्या, मचाणाच्या चार बल्ल्यायले बांधता येते.

— देतो. पण थंडी वाजून ताप आलाच तं?

— आशाताईकडे जाचं. बोटाले सुई टोचून थेंब पट्टीवर टाकते, पंधरा-वीस मिनिटांत समजते. गोळ्या मात्र पुऱ्या खाव्या लागतात, ताप उतरला म्हणून सोडाच्या नाही.

अन् एक काम करा माझं. आज सांजच्याले पलीकडे तुम्हीच जा. मागच्या पोळ्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. घरात पोटुशी सून आहे, तिले मलेरिया झाला तं तिच्या अन् बाळाच्या, दोघांच्याही जिवावर बेतते. मांडवावरची जाळी काढून आजच तिच्या खाटेवर टांगाले सांगा. दुधी टोचली कोंबड्यानं तं माझ्या वेलाच्या दोन देईन म्हणा.