शिकाऊ खरेदीतज्ज्ञ

फॅशन संस्थेच्या माहितीपत्रकात ‘मर्चंडायझिंग आणि बाइंग’चा विद्यार्थी मिलानच्या दिशेने चाललेला असतो. प्रत्यक्षात तो बंगळुरूच्या हिरव्या मेट्रोने, २०१४ पासून चालू असलेल्या पीण्या इंडस्ट्री स्टेशनवर उतरतो आणि ट्रकांची धूळ खात गारमेंट फॅक्टरी गाठतो.

पहिलंच काम निळ्या रंगाचं. परदेशी खरेदीदाराने पॅन्टोनचा नंबर धाडलेला, डाइंगवाल्याने अ, ब, क असे तीन तुकडे रंगवलेले. लाइट बॉक्समध्ये दिवसाच्या प्रकाशासारख्या डी ६५ च्या उजेडात क जुळतो. दुकानासारख्या टीएल ८४ मध्ये तोच फसतो. आपल्याकडे मावशी साडी घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात येतात आणि हाच निवाडा दोन मिनिटांत देतात. तोही डिप्लोम्याशिवाय.

मग जीएसएम, म्हणजे कापडाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, काढायचा कटर. १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापा, तोला, १०० ने गुणा: १.८ ग्रॅम म्हणजे १८० जीएसएम. एवढं जमलं की पोराच्या हाती एक्सेल देतात, नि उरलेली इंटर्नशिप ‘बटणं आली का?’ या एका रकान्यात जाते. युरोपातलं ऑफिस उघडतं तेव्हा इथे दुपार झालेली असते; साहजिकच त्यांचं ‘अर्जंट’ आपल्या सुटण्याच्या वेळेला येतं.

कॉलर वाकडी बसलीय हे मशीनवरच्या बाई लांबूनच सांगतात. त्यांच्याकडे अहवाल कोणी मागत नाही. अहवाल विद्यार्थी लिहितो: ‘जागतिक पुरवठा साखळीतील निर्णयप्रक्रियेत सहभाग’. सोनेरी अक्षरांत, बाइंडिंगचा खर्च स्वतःचा.