हे काय, इथंच!

मसोलीला माझी मावशी राहते. थंडी पडली की तिचा फोन ठरलेला, "ये रे, उकडहंडी लावतेय." यंदा काकांनी तिच्या हातातून फोन घेऊन पुस्ती जोडली, "आणि येतोच आहेस तर बारडाचा डोंगर बघून टाकू. हे काय, इथंच आहे."

वास्तविक रेल्वेनं मला वाटेतच सावध केलं होतं. २०१३च्या एप्रिलात सुरू झालेली डहाणू लोकल केळवे रोडला थांबते आणि डहाणू रोडला संपते. पुढच्या गाडीनं गेलात तर बोर्डी रोड लागतं. गावाच्या नावापुढं 'रोड' लावणं ही रेल्वेनं दिलेली प्रामाणिक कबुली आहे: गाव इथं नाही, गावाकडं जाणारा रस्ता तेवढा आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा. पण मसोली स्टेशनपासून खरोखरच रिक्षाच्या टप्प्यात निघाली. पहिलंच 'इथंच' खरं ठरलं आणि तिथंच मी फसलो.

रात्री उकडहंडीवर ताव मारताना मी हळूच विषय काढला. "काका, त्यापेक्षा महालक्ष्मीला गेलो तर?"

विवळवेढ्याची महालक्ष्मी मला मनापासून पटते. तिचं मूळ ठाणं गडावर. पण एक गरोदर भक्तीण दर्शनाला चढताना वाटेत कोसळली, तेव्हा देवीच पायथ्याशी उतरून आली, अशी कथा आहे. चैत्री पौर्णिमेपासून मोठी जत्रा भरते, तीही पायथ्याच्या देवळाशी. भक्ताची दमछाक ओळखणारं दैवत सहजी मिळत नाही.

काका माझ्याकडं बघून म्हणाले, "ती गरोदर होती. तुझं पोट कशानं सुटलंय ते आम्हाला माहीत आहे."

मावशीनं माझ्या ताटात आणखी दोन फोडी कोनफळ वाढलं.

सकाळी काकांच्या स्कूटरवर निघालो. माझ्या मांडीवर थर्मास. चोवीस तास गरम राहण्याची हमी असलेला. आत मावशीनं केलेला गवती चहा-पुदिन्याचा चहा. नरपड, चिखले, घोलवड असा रस्ता. डावीकडं सुरूच्या झाडांतून समुद्र, उजवीकडं चिकूच्या वाड्या आणि त्यामागं निळसर डोंगर. असा देखावा असला की माणूस गप्प बसतो म्हणतात. पण काकांची दर फर्लांगाला ओळख निघत होती आणि प्रत्येक ओळखीला स्कूटर थांबत होती. "भाचा आहे. बारडावर नेतोय." समोरचा माणूस मला खालपासून वरपर्यंत न्याहाळायचा, क्षणभर पोटापाशी घुटमळायचा आणि म्हणायचा, "जा की. इथंच तर आहे."

घोलवडच्या एका वाडीत तोड चालू होती. लांब काठीला जाळी लावून गडी चिकू उतरवत होते, खाली बायका ते धुऊन, निवडून लहानमोठे वेगळे करत होत्या. 'डहाणू घोलवड चिकू'ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. वाडीच्या मालकांनी त्यातले पाचेक किलो पिशवीत भरून माझ्या हातात दिले. चिकू कसले, गोटेच! "पिकतील," ते म्हणाले. "कधी?" "हे काय, दोन दिवसांत." त्या भागात अंतराला आणि वेळेला एकच माप चालतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

बोर्डीहून आत वळलो आणि असावलीच्या धरणापाशी स्कूटर थांबली. पाण्यात डोंगर उलटा पडला होता. उलटा तो फारच सोपा दिसत होता.

वाटेवरच्या पाड्यात कारवीच्या कुडाच्या भिंतींवर पांढरी वारली चित्रं होती. ही कला जगभर नेणारे जिव्या सोमा मशे याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रांतली माणसं दोन त्रिकोणांची, कमरेत सुईइतकी बारीक. ती लाकडं तोडतात, भात लावतात, तारप्याभोवती फेर धरून नाचतात. मी बारकाईनं पाहिलं. त्यात धापा टाकणारा एकही माणूस नव्हता आणि माझ्या आकाराचा तर नव्हताच.

चढ सुरू झाला. काका पुढं चालत माहिती देत होते. १९९१ साली केंद्र सरकारनं अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, वगैरे. माझ्या गुडघ्यांनाही तोच दर्जा मिळावा असा अर्ज मी मनातल्या मनात लिहायला घेतला. समोरून डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक आजी उतरत आली. मोळी तिच्यापेक्षा मोठी, आणि पायात काहीच नाही. मी एका दगडावर बसून निसर्ग बघत असल्याचं नाटक करत होतो.

"आजी, अजून किती?"

"इथंच ना, दादा," असं म्हणून ती वळणाआड गेलीसुद्धा.

तासाभरानं मला उमगलं की ती खोटं बोलली नव्हती. जो रोज चढतो-उतरतो त्याच्यासाठी डोंगर इथंच असतो. तो लांब जातो तो माझ्यासारख्यासाठी.

वर पोचलो. कातळात कोरलेल्या गुहा आणि पार खाली पश्चिमेला समुद्राची रेघ. काकांनी चपला काढल्या, मीही काढल्या. पारशांचं संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर त्यांचे धर्मगुरू आपला पवित्र अग्नी घेऊन या डोंगरात लपले आणि बारा वर्षं त्यांनी तो इथं तेवत ठेवला, अशी पारशांची परंपरा सांगते. आपल्या भाषेत एक तप. तोच अग्नी, म्हणजे इराणशाह, फिरत फिरत १७४२ साली उदवाड्याला पोचला आणि आजही तिथं धगधगतोय.

मी भारावलो. भारावल्यावर चहा लागतो. थर्मास उघडला. चहा गार.

काकांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि गुहेकडं बघत म्हणाले, "त्यांनी बारा वर्षं काढली. आणि तुझ्या थर्मासला बारा वाजेपर्यंत दम निघेना."

मला मात्र त्या आजीची मोळी आठवत होती. बारा वर्षं अग्नी तेवायचा तर बारा वर्षं लाकूड लागणार. ते इतक्या वर कुणी वाहिलं असेल? वाहणारे वाटेत भेटणाऱ्याला काय सांगत असतील, ते मला सांगायची गरज नव्हती.

घरी परतलो. दोन दिवस झाले, चिकू दगड. चार दिवस झाले, दगड. मी मावशीला फोन केला. "होतील रे, आता होतीलच." सहाव्या दिवशी पहाटे घरभर घमघमाट सुटला. पाच किलो चिकू एका रात्रीत, एकजुटीनं, पिकले होते. आता संध्याकाळच्या आत संपवले नाहीत तर उतरून जाणार.

सोसायटीत वाटायला निघालो, तर लिफ्ट बंद. पोटऱ्यांमधला बारड अजून उतरला नव्हता. चौथ्या मजल्याच्या वळणावर जोशीकाका भेटले. चिकू हुंगून खूश झाले.

"वा! डहाणूचे? डोंगरावर गेला होतात म्हणे. फार लांब आहे का हो?"

मी पायरीवर बसलो, पिशवीतला एक चिकू काढला आणि सावकाश सोलायला घेतला.