काकांची बैठक

काकांनी हवेची उशी बदलली, ही बातमी मला आधी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून कळली, मग दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून आणि शेवटी खुद्द काकांकडून, तीही ऐन जेवणाच्या वेळी.

"बस हिच्यावर."

मी ताट बाजूला सारून बसलो.

"कशी आहे?"

"बरी आहे."

"बरी?" काकांनी हा शब्द असा उच्चारला, जणू मी मारव्यात पंचम लावला असावा.

असे काका तुमच्याही ओळखीत असणार. तुमचे कदाचित कोल्हापूरचे असतील, कदाचित बेळगावचे. आमचे बारडोलीचे. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात जन्म काढला, मुलं मार्गी लागली, आणि आता वर्षाचे अकरा महिने ते बाराव्या महिन्याच्या तयारीत असतात. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो. सुरतहून रात्रीची गाडी पकडायची, म्हणजे एवढं सामान बारडोलीहून सुरतेला न्यायला रिक्षा पुरत नाही, शेजाऱ्याचा टेम्पो लागतो. टेम्पोवाला गुजराती माणूस. दरवर्षी न चुकता विचारतो, "काका, गायन सांभळवा जाओ छो के घर मांडवा?"

सामान काय? एक जाड सतरंजी, एक पातळ सतरंजी, मेणकापड, बिनपायांची घडीची खुर्ची, दोन शाली, कानटोपी, मोठा थर्मास, पात्र्यांचा, म्हणजे गुजराती अळूवड्यांचा, डबा, बॅटरी, आणि एक चेनची पिशवी. या पिशवीत उजव्या गुडघ्याखाली घ्यायची लोड-उशी वेगळी आणि डाव्या गुडघ्याखालची वेगळी. दोन्ही दिसायला सारख्या. मी एकदा त्यांची अदलाबदल केली, तर काका अख्खी तोडी वाकडे बसले होते. काकू म्हणतात, "मी सासरी आले तेव्हा एवढं सामान आणलं नव्हतं." सप्तक महोत्सव १ जानेवारीला अहमदाबादेत सुरू होतो, आम्हाला पुण्याहून तो जवळ. तिकडे का जात नाही, असं विचारलं की काका म्हणतात, माहेर काय जवळ आहे म्हणून असतं का?

काकांना गाणं आठवत नाही असं नाही. पण ते बुडाकडून आठवतं.

"मल्लिकार्जुन मन्सूर ऐकलेत?" असं कुणी विचारायचा अवकाश, काका डोळे मिटतात. "ऐकले म्हणजे? रमणबागेत, डाव्या अंगाला, खांबापाशी. खाली एकेरी सतरंजी. खडी टोचत होती."

"राग कोणता?"

"खडी बघता बहुतेक जोडराग असावा."

फिरोज दस्तूर म्हणजे पातळ गादी, आणि पाठीला टेकायला मागच्या एका सोलापूरकराचे गुडघे. दस्तूरजी पारशी, म्हणजे आपल्याच सुरत-नवसारीकडचे, असाही काकांचा एक हिशेब आहे, आणि तो कुणी तपासलेला त्यांना आवडत नाही. गंगूबाई हनगल म्हणजे खुर्ची. याची त्यांना अजून लाज वाटते. "सवाई गंधर्वांची शिष्या खाली बसून गातेय आणि मी खुर्चीत!" किशोरीताई? "ओली सतरंजी. पण ती वाळली कधी, ते कळलं नाही." काकांच्या तोंडून एखाद्या कलावंताला मिळालेली ही सर्वांत मोठी दाद.

महोत्सवाचा इतिहासही त्यांना याच अंगानं पाठ आहे. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १९५२ साली गेले, आणि १९५३ पासून भीमसेनांनी गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला, हे आपण सगळे सांगतो. काका विचारतात, "पण खाली काय अंथरलं होतं? हे कुणी लिहून ठेवलंय?" कितीतरी वर्षं तो रमणबागेच्या, म्हणजे न्यू इंग्लिश स्कूलच्या मैदानावर झाला. २०१८ साली मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. तेव्हा लोक वाहनतळाबद्दल बोलत होते, लांब पडतं म्हणत होते. काकांनी मांडी घातली, दोन मिनिटं अंदाज घेतला आणि निकाल दिला, "उतार डावीकडे आहे."

मंडपात ते शिरतात तेव्हा त्यांच्यातला बारडोलीकर जागा होतो. सरकारनं शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला, आणि १९२८ साली वल्लभभाईंच्या मागे उभ्या राहिलेल्या या तालुक्यानं तो भरला नाही. जप्त्या झाल्या, म्हशी नेल्या, तालुका हलला नाही. काका त्यानंतर जन्मले, पण भारतीय बैठकीवरच्या आपल्या वीतभर जागेसाठी ते तोच बाणा दाखवतात. शेजारचा थोडा सरकला की काका थर्मास मध्ये ठेवतात. आणखी सरकला की पात्र्यांचा डबा. पुण्यातल्या माणसाला जागेवरून नमवणं ही सोपी गोष्ट नाही. मी ती घडताना पाहिली आहे, आणि शेवटी तो नमलेला माणूस पात्रा खात होता.

लेस्टरच्या पुतण्यानं एका वर्षी त्यांना सोफ्याचं तिकीट काढून दिलं. अगदी पुढं, गवयाच्या अंगठ्या दिसतील इतकं. काका पहिल्याच विलंबितात झोपले. घोरण्यात लय होती, पण मात्रा चुकत होत्या. तेव्हापासून सोफा हा गाण्याचा शत्रू. पुतण्यानं मग मोबाइलवर ग्लास्टनबरीचे फोटो दाखवले. इंग्लंडातल्या एका शेतावर भरणारा हा अवाढव्य संगीत महोत्सव. लोक पाच-पाच दिवस चिखलात तंबू ठोकून राहतात, आणि ज्यांना चिखल नको त्यांच्यासाठी पलंग, गालिचा आणि उशांसकट सजवलेले तंबू भाड्यानं मिळतात.  १९७० साली पहिल्या वेळी तिकीट होतं एक पौंड, आणि वर शेतावरचं दूध फुकट. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "दूध बंद का केलं?" एवढंच विचारलं. जर्मनीत बायरॉइटला वागनरच्या नाट्यगृहातल्या खुर्च्या इतक्या कठीण आहेत, की लोक घरून उशा घेऊन जायचे, हे कळल्यावर मात्र ते सरसावून बसले. वागनरचा एक स्वर त्यांनी ऐकलेला नाही. तरी म्हणाले, "माणूस खानदानी दिसतो."

हा सगळा छंद त्यांना कुणी लावला, हे मला कारखान्यातल्या जुन्या लोकांनी सांगितलं. बारडोलीत तंबूतला मुक्काम हा शौक नाही. दिवाळीनंतर डांग, नंदुरबार, धुळ्याकडून तोडणीवाली माणसं येतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. गावाबाहेर त्यांचे पडाव पडतात, बांबू वाकवून त्यावर प्लास्टिक टाकलेले, आत वाकूनच शिरायचं. पोरं तिथंच, चूलही तिथंच, आणि हे उन्हाळा लागेपर्यंत. काका हिशेबाच्या कामासाठी पडावावर गेले होते. पहाटेची थंडी, दात वाजत होते. एका बाईनं त्यांना उसाच्या पाचटावर बसवलं आणि म्हणाली, "बाबा, थंडी वरून नाही येत, खालून येते."

झालं. पुण्यातल्या रसिकांना काका जो सिद्धांत ऐकवतात, तो हा. एकदा तर ते खरोखरच पोतंभर पाचट घेऊन निघाले होते, काकूंनी टेम्पो अडवला म्हणून वाचलो. पण एक सांगतो. मंडपात कुणी सुटाबुटातल्या गृहस्थानं त्यांच्या अंथरुणाचं कौतुक केलं, की काका श्रेय स्वतःकडे घेत नाहीत. "आमच्याकडच्या एका तोडणीवाल्या बाईनं शिकवलं," म्हणतात. "ती अजून पाचटावरच झोपते." गृहस्थ मग कार्यक्रमपत्रिका वाचू लागतात.

इतकी वर्षं मला एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. कार्यक्रम दुपारी सुरू होतो आणि रात्री दहाला संपतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालचा नियम, २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी घट्ट केला. सरकार वर्षातून मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, त्यातला एखादा शनिवार सवाईच्या वाट्याला येतो. मग कानटोपी कशाला? बॅटरी कशाला? दहाला लॉजवर परतणाऱ्या माणसाला दोन शाली आणि एवढा मोठा थर्मास कशाला हवा?

गेल्या खेपेला मी हमाल म्हणून सोबत गेलो तेव्हा समजलं. दहाला मंडप रिकामा झाला, लॉजवर आलो. खोलीत दोन खाटा, बऱ्यापैकी गाद्या. काकांनी त्या भिंतीला सरकवल्या. मेणकापड, जाड सतरंजी, पातळ सतरंजी, सगळं क्रमानं फरशीवर अंथरलं. कानटोपी घातली. मोबाइलला छोटा स्पीकर जोडला आणि घड्याळात बघून दरबारी लावला. मग मालकंस. मधे नुसता तंबोरा. दोन वाजता थर्मासचं झाकण उघडलं, कारण पूर्वी रमणबागेत दोनच्या सुमाराला चहा लागायचा. त्यांचं सगळं सामान रात्रभर चालणाऱ्या सवाईचं आहे. ती रात्र उठून गेली, सामान राहिलं. शेवटच्या पहाटे भीमसेन यायचे, लोक शाली झटकून ताठ बसायचे, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. खाली काय अंथरलं होतं, ते सांगायला विसरले.

चारला ललत लावला आणि दार वाजलं. लॉजचा मॅनेजर, डोळे चोळत. "काका, दहानंतर आवाज बंद. खालच्या पार्टीची तक्रार आहे."

काकांनी आवाज कमी केला. कपात चहा ओतला, पात्र्यांचा डबा पुढं केला. "उभ्यानं ललत ऐकू नये. बसा."

मॅनेजर भिंतीकडच्या खाटेवर टेकायला गेला.

"तिथं नको. खाली या."

"खाली नाही जमत हो, गुडघा दुखतो."

काकांचा चेहरा असा उजळला, की मला स्पीकर बंद पडल्यासारखं वाटलं. "कुठला?" त्यांनी पिशवीची चेन उघडत विचारलं. "उजवा की डावा?"