नंबर घासलेल्या आयसीच्या मालकास

काळाचौकी, मुंबई ३३

तयार प्रोजेक्ट विकणाऱ्या शेठना,

आमच्या वस्तीतल्या डिप्लोमाच्या एका मुलाने तुमच्याकडून लाइन फॉलोअर रोबो विकत आणला. सोबत बाइंडिंग केलेला रिपोर्ट, त्यावर त्याचं नाव आणि व्हायव्हाच्या प्रश्नांची तयार उत्तरं. बोर्डावरच्या आयसींचे नंबर मात्र तुम्ही घासून टाकलेत आणि उरलेल्या जागेवर ग्लू गन फिरवलीत. पैसे मोजणाऱ्याने आत पाहू नये, एवढी एकच गोष्ट तुम्ही मन लावून डिझाइन केलीत.

आम्ही ग्लू खरवडला. पंधरा पाय आणि हीटसिंक पाहून एल२९८ ड्रायव्हर नंबराशिवायही ओळखू आला. बायपोलर ट्रान्झिस्टरचा हा जुना ड्रायव्हर एका अँपिअरलाच सुमारे दोन व्होल्ट उष्णतेत घालवतो. त्याच्यामागे तुम्ही नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी जोडलीत. ती मल्टिमीटरला पुरते. मोटर मात्र जागची हलताना धावतानाच्या कितीतरी पट करंट ओढते, बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो आणि कंट्रोलर रिसेट होतो. रोबो वळणावर अडकायचा तो यामुळे. मोटरच्या टोकांवर ब्रशचा नॉइज शोषणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरसुद्धा नव्हता. त्याला किती पैसे पडतात, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

पण माझी मुख्य तक्रार खराब मालाची नाही. उत्तम चालणारा रोबो दिला असतात, तरी हे पत्र लिहिलंच असतं. या मुलाने जे निर्णय स्वतः घ्यायचे, ते तुम्ही त्याच्याकडून काढून घेतलेत.

उदाहरणार्थ, पिवळी बीओ मोटर, ६५ मिलिमीटरचं चाक, मिनिटाला २०० फेरे. म्हणजे रोबो सेकंदाला सुमारे ६८ सेंटिमीटर धावणार. सेन्सर सेकंदाला १०० वेळा वाचला, तर दोन वाचनांमध्ये रोबो जवळपास सात मिलिमीटर पुढे गेलेला असतो. मग सेन्सर चाकांच्या किती पुढे हवा? बॅटरी कुठे ठेवली म्हणजे चाकांना पकड मिळेल आणि कॅस्टरवर नको तेवढा भार येणार नाही? चाकाचा आकार बदलला की प्रोग्रामही बदलावा लागतो, हे त्याला स्वतःच्या हातांनी कळायला हवं होतं.

बोर्डाचंही तेच. ३५ मायक्रॉन तांब्याचा ट्रॅक जेमतेम दहा अंशांनी तापू द्यायचा, तर एका अँपिअरला ०.३ मिलिमीटर रुंदी पुरते. तीन अँपिअरला तिप्पट पुरत नाही, सुमारे १.४ मिलिमीटर लागते, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. मोटरचा आणि सेन्सरचा ग्राउंड बॅटरीपाशी एकत्र आणायचा, नाहीतर मोटर सुरू होताच सेन्सरचं वाचन डळमळतं. हे झिरो पीसीबीवर स्वतः सोल्डर करून, एकदा चुकून, पुन्हा जोडून शिकायचं असतं.

आमच्यापासून फार लांब नसलेल्या माटुंग्याच्या व्हीजेटीआयकडे पाहा. ही संस्था १८८७ साली भायखळ्यात सुरू झाली, गिरण्यांना शिकलेले तंत्रज्ञ मिळावेत हा तिचा एक मोठा हेतू होता. तिथल्या मुलांची सोसायटी ऑफ रोबोटिक्स अँड ऑटोमेशन ज्युनियर मुलांना रोबो बांधायला शिकवते. कार्यशाळेसाठी त्यांनी स्वतः बोर्ड डिझाइन केला आणि त्याची सर्किटं सर्वांसाठी खुली ठेवली. विशीतली ही मुलं आपली विद्या वाटतात, आणि तुम्ही बाजारात कोणालाही मिळणाऱ्या आयसीचा नंबर लपवता!

ज्यांचे आजोबा इथल्या गिरण्यांत साचे दुरुस्त करायचे, अशी मुलं तुमची गिऱ्हाइकं आहेत. १९८२च्या गिरणी संपानंतर ते काम गेलं, पण यंत्र उघडून पाहायची हौस या घरांतून गेलेली नाही. त्या हौसेवर तुम्ही ग्लू ओतू नका.

दुकान बंद करा असं मी म्हणत नाही. मोटर विका, ड्रायव्हर विका, कॉपर क्लॅड बोर्ड विका. अडलेल्या मुलाला सर्किट समजावा आणि त्याचे पैसे उघडपणे घ्या, मुलं आनंदाने देतील. आयसीचे नंबर शाबूत ठेवा, सर्किटचा कागद हातात द्या आणि रिपोर्ट त्याचा त्याला लिहू द्या. एवढं जमत नसेल, तर पाटीवरचा ‘प्रोजेक्ट गायडन्स’ पुसून टाका. त्या पाटीवर विश्वास ठेवून मुलं तुमच्याकडे येतात.

आपला,
काळाचौकीतला एक शिक्षक