भावंडांचं भांडण सोडवण्याची सोपी पद्धत (नवशिक्यांसाठी)

ज्यांच्या घरात किमान दोन मुलं आहेत आणि त्यांतलं एकही दुसऱ्यासारखं नाही, अशा पालकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. एकच मूल असलेल्यांनी ती वाचून सल्ले देऊ नयेत. ते काम त्यांच्याकडून न वाचताही चालूच असतं.

आधी साहित्य जमवा. एक मुलगी, वय अकरा; खडू रंगांच्या क्रमाने लावणारी, बेल वाजली की आतल्या खोलीत जाणारी. एक मुलगा, वय सात. आलेल्या पाहुण्याच्या मांडीवर चढणारा आणि तेच खडू मधोमध मोडून ‘बघ, आता दुप्पट झाले’ म्हणणारा. (तुमच्याकडे उलट असेल. कृतीत फरक पडत नाही.) एक रिमोट, गाडीतली खिडकीची एक जागा आणि असल्यास एक आजी. आजी नातवाची बाजू घेईल हे गृहीत धरावं.

‘एकाच घरात वाढली, मग अशी कशी?’ हा प्रश्न सुरुवातीलाच विचारून टाका. रूढ उत्तर असं, की शांत मूल हे आपल्या संस्कारांचं फळ आणि दांडगं मूल जोडीदाराच्या घराण्यावर गेलेलं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने 1956 साली न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या मुलांची निरीक्षणं सुरू केली आणि वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. कोणी चटकन रुळणारी, कोणी अवघड, कोणी हळूहळू मोकळी होणारी, असे तीन गट त्यांनी पाडले. बरीच मुलं यांतल्या कुठल्याच गटात बसली नाहीत. स्वभाव अगदी तान्हेपणीच दिसू लागतो आणि त्याचं पुढे काय होतं हे घराशी तो किती जुळतो यावरही ठरतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे संस्कारांचं श्रेय निम्मं गेलं आणि सासरची माणसंही बरीचशी सुटली.

आता मुख्य कृती. ‘आईऽऽ, ही बघ ना!’ ऐकू आलं की गॅस बारीक करून धावत जा आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत बसा. पहिला प्रश्न ठरलेला आहे : ‘सुरुवात कोणी केली?’ चौकशी रिमोटपासून सुरू होते, कालच्या खोडरबराकडे जाते आणि शेवटी गेल्या दिवाळीत किल्ल्यावरचा मावळा कोणी पाडला इथे येऊन थांबते. साक्षीदार एकच असतो, आजी. तिची साक्ष वर गृहीत धरलीच आहे.

नवशिक्यांच्या न्यायालयात एकच कायदा चालतो : आवाज ज्याचा, गुन्हा त्याचा. तो किंचाळतो, उशी फेकतो, पाय आपटतो, म्हणून शिक्षा त्याला. पण शांत मुलाची हत्यारं आवाज करत नाहीत. एक सुस्कारा, वर गेलेली एक भुवई, कानाशी हळूच म्हटलेलं ‘जाऊ दे, तुला नाही कळणार.’ एवढं करून ती पुस्तकात डोकं घालते. तुम्ही पोचता तेव्हा पान उलटत असतं आणि उशी हवेत असते. महिनाभर असे निकाल दिलेत की मुलगा शिकतो की आपण वाईट आहोत, आणि मुलगी शिकते की हळू आवाजात काहीही चालतं. दोन्ही धडे मुलं कुठल्याही क्लासशिवाय पक्के करतात.

याउलट बाजूचा कायदा म्हणजे ‘तू मोठी आहेस ना, समजून घे.’ हे वाक्य स्वस्त आहे, म्हणून जपून वापरावं. समजूतदारपणा जन्मक्रमाने वाटलेला नसतो. ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले तेव्हा त्यांची समजूत काढली ती चौघांत सगळ्यांत धाकट्या मुक्ताबाईने, असं परंपरा सांगते.

स्पर्धा लावू नये. पृथ्वीप्रदक्षिणा आधी कोण करतो, त्याचं लग्न आधी, अशी शर्यत शंकर-पार्वतीने दोन मुलांत लावली होती. एक मोरावरून खराच निघाला, दुसऱ्याने बसल्या जागी आईबापांनाच प्रदक्षिणा घातली. निकाल लागला, पण कार्तिकेय रागावून क्रौंच पर्वतावर निघून गेला आणि त्याच्यामागे आईबापांना श्रीशैलापर्यंत जावं लागलं. तुमच्याकडे तेवढी रजा शिल्लक नसते.

समान वाटपाचा मोह फार होतो. एकाने कापावं, दुसऱ्याने आधी उचलावं, ही युक्ती जुनी आणि चोख आहे. बर्फीवर करून बघा. मुलगी पट्टी आणते. मुलगा दोन्ही तुकड्यांना जीभ लावतो आणि मग सावकाश निवडतो. हापूसवर तर करूच नका : दोन फोडी, एक कोय. शिवाय दोघांना सारखं हवं असतं हीच तुमची समजूत. तिला हवा असतो दार लावून मिळणारा अर्धा तास, त्याला हवं असतं कोणीतरी त्याच्याशी कुस्ती खेळायला. दोघांना अर्धा-अर्धा तास टीव्ही दिलात तर वाटप समान होईल आणि दोघंही चिडलेली राहतील. तिचा कप्पा तिच्या कुलपात राहू द्या, त्याला संध्याकाळी खाली मैदानात न्या. निम्मी भांडणं तिथेच संपतात.

उरलेली त्यांची त्यांना करू द्या. भांड्याला भांडं लागणारच. हात केसांना, डोळ्यांना किंवा कात्रीला गेला तर मात्र धावा, दोघांना दोन खोल्यांत करा आणि चौकशी अजिबात करू नका. एरवी स्वयंपाकघरातून फक्त एवढंच ओरडा : ‘ठरलं की सांगा, तोवर रिमोट माझ्याकडे.’ कोणाला काय मिळालं यापेक्षा आईबाप कोणाच्या बाजूने उभे राहिले हे मुलं जास्त काळ लक्षात ठेवतात. ती जुनी बाजू पुढे सातबाऱ्यावर नाव लावताना बाहेर येते.

कट्टी साधारण जेवणापर्यंत टिकते. मग पापडाच्या तुकड्यावरून बट्टी होते आणि दोघं मिळून तुम्हालाच हसतात. त्या वेळी ‘मग चूक कोणाची होती?’ असं विचारू नका. निकाल राखून ठेवा.