कपलिंगकाका

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये शिरा. सगळे मशीन काय कापतंय ते बघत असतात, आणि एक मनुष्य मोटर नि स्क्रू यांच्या मधल्या चार बोटांच्या जागेत टॉर्च मारून बसलेला असतो. हे कपलिंगकाका. हजेरीपटावर त्यांना दुसरं नाव आहे, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागतं. कमरेच्या पाऊचमध्ये एलन-कीचा संच असतो. तो ते सख्ख्या भावालाही देत नाहीत. भाऊ आधी कडा गोल करील आणि मग स्क्रूला नावं ठेवील, अशी त्यांची खात्री आहे.

मोटर नि स्क्रू जोडणारं कपलिंग आपणहून तुटत नाही, हा काकांचा सिद्धान्त. ते कुणीतरी तोडलेलं असतं, आणि तो कुणीतरी बहुधा जवळपासच चहा पीत असतो. त्यामुळे तुटका तुकडा हातात पडला की पंचनामा सुरू. अ‍ॅल्युमिनियमच्या स्पायरल कपलिंगला खाचेच्या टोकाशी तडा दिसला, की "तिरकं बसवलंय. दर फेरीला वाकतंय नि सरळ होतंय, लोखंडाची तारही अशी तुटते." लव्हजॉय कपलिंगच्या रबरी स्टारचा चुरा झाला, की "लोड जास्त, नाहीतर मोटर थरथरतेय." शाफ्टवर ग्रब स्क्रूचा गोल ओरखडा दिसला, की काका काहीच बोलत नाहीत. नुसते सगळ्यांकडे एकेक करून बघतात. बोललेलं परवडतं.

शेठ म्हणतात, "अहो काका, स्वस्तातली वस्तू. तुटली तर नवी टाकू." इथे काका खरे पेटतात. तुटलं तर बरंच म्हणायचं, मशीन निदान थांबतं. सैल झालं तर काय? स्टेपर मोटरचा कंट्रोलर पल्स मोजतो, टेबल खरोखर सरकलं की नाही ते त्याला ठाऊकच नसतं. एन्कोडर नाही, अलार्म नाही. पाच मिलिमीटर लीडच्या स्क्रूवर कपलिंग ३६ अंश घसरलं, की जॉब अर्धा मिलिमीटर सरकला आणि पडद्यावर मात्र आकडे बिनचूक. गणपतीच्या तोंडावर सीएनसी राउटरवर एमडीएफची मखरं कापायची घाई असते, तेव्हा एकदा 'श्री'ची वेलांटी अशी हळूहळू अक्षर सोडून निघाली होती. ऑपरेटरने प्रोग्रॅम तपासला, शेठनी कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. काकांनी एलन-की काढली.

बसवण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. (घाई असेल तर पाहू नये.) आधी दोन्ही शाफ्ट पुसायचे. कपलिंगच्या क्लॅम्पची पकड घर्षणावर असते, तेलाचा हात लागला की ती गेलीच. मग मॅग्नेटिक स्टँडवर पुपीटास डायल लावून स्क्रू हाताने फिरवायचा. नवा पोरगा ओरडतो, "काका, ऐंशी मायक्रॉन!" काका शांतपणे सांगतात, "अरे, डायल दुप्पट दाखवते. शाफ्ट चाळीसनेच बाजूला आहे." पण चाळीसही त्यांना सोसत नाही. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा जाड असतो, त्याच्या पट्ट्या ते मोटरच्या बैठकीत सारायला पाकिटात ठेवतात. बायकामुलांचे फोटो बहुधा त्या पट्ट्यांच्या मागे असावेत.

मोटर ठोकून बसवणाऱ्याला त्यांच्या राज्यात क्षमा नाही, कारण हातोडीचा मार थेट बेअरिंगवर जातो. दोन शाफ्टची टोकं कपलिंगच्या आत एकमेकांना भिडवणाऱ्यालाही नाही. आणि "फ्लेक्सिबलच आहे ना, घेईल सांभाळून" असं जो म्हणेल, त्याला जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसू देत नाहीत. उलट्या टोकाचे लोक रिजिड कपलिंग आणतात. मग तिरकेपणाचा सगळा भार मोटरच्या बेअरिंगवर पडतो. कपलिंग वाचतं, मोटर जाते. लग्न जुळवण्यावरून या विषयात होणारे विनोद काकांनी इतके ऐकलेत, की आता ते ऐकताना स्क्रू आणखी एक अष्टमांश आवळतात.

मोटरवर तळवा ठेवून ते स्पीड हळूहळू वाढवायला लावतात. स्टेपर दर फेरीला २०० पावलं टाकत, धक्क्याधक्क्याने चालते. ठरावीक वेगाला ती हंबरते आणि तिथेच कपलिंगचं आयुष्य खर्ची पडतं. "इथे थांबू नकोस, पुढे ने," ते पोराला सांगतात. मग मायक्रोस्टेपिंग वाढवून बघतात. इतकं सगळं झालं, की कपलिंगचा हब आणि शाफ्ट यांच्यावरून ऑइलपेंटची एक सरळ रेघ. रेघ तुटली म्हणजे कपलिंग घसरलं. रोज सकाळी हजेरीआधी काका सगळ्या रेघा तपासतात. महिनोन्‌महिने काही घडत नाही, म्हणून शेठना अधूनमधून शंका येते, की हा मनुष्य नेमकं करतो काय.

खंडेनवमीला मात्र काकांचा जीव वर-खाली होतो. झेंडूच्या माळेचा दोरा स्क्रूत जाईल म्हणून ते कात्री घेऊन फिरतात, भटजींच्या अक्षता ब्लोअरने उडवतात. एका वर्षी वहिनींनी, म्हणजे शेठच्या मिसेसनी, भक्तिभावाने प्रत्येक कपलिंगवर हळदीचं बोट ओढलं. दुसऱ्या दिवशी दसरा, शेड बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी काका आले, तर एकेका कपलिंगवर दोन-दोन पिवळ्या रेघा, काही जुळलेल्या, काही नाहीत. त्यांनी अख्ख्या शेडचा मेन स्विच पाडला.

तेव्हापासून खुणा निळ्या आहेत.