वसुली

जुन्या हवेल्या नि बागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं सभासद-कार्ड ज्याच्या पाकिटात असतं, त्याच्यासाठी इंग्लंडचे दोनच भाग: वर्गणीत बसणारं इंग्लंड आणि न बसणारं. कॉट्सवोल्ड्स, डेव्हन, लेक डिस्ट्रिक्ट ही नावं नकाशे काढणाऱ्यांच्या सोयीची. रीडिंगचे आमचे काका या पंथातले थोर साधक. मूळचे नागपूरचे, महाल भागातले. इथे नोकरी करून निवृत्त झालेले. एरवी माणूस दिलदार. कुणाच्या घरी बारसं असलं तर त्यांच्या हाताला आवर नसतो. पण ट्रस्टची वर्षाची वर्गणी भरली की ती वसूल होईपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नाही. आणि ती मे महिन्यातच वसूल झाली, तर पुढचं सगळं वर्ष निव्वळ नफ्याचं. मग घरी बसणं हे तर पापच.

काकांची सहल पार्किंगमध्ये सुरू होते आणि बरीचशी तिथेच होते. कार्ड यंत्राला दाखवून फुकटची चिठ्ठी हातात आली की शेजारी नाणी शोधणाऱ्या बिगरसभासदाकडे ते ज्या करुणेने बघतात, तशी करुणा मी फक्त संतांच्या तसबिरीत पाहिली आहे. मग डिकी उघडते. घडीच्या खुर्च्या, थर्मास, काकूंच्या सांभारवड्या. “घे नं बाप्पा, आतमध्ये स्कोन खाऊन पोट भरते का?” समोर चारशे वर्षांची बाग असते, पण बसायचं गाडीच्या डिकीकडे तोंड करून. हे खास मराठी असेल असं मला वाटायचं. पण शेजारच्या गाडीमागे एक गोरं वृद्ध जोडपंही अगदी तसंच बसलेलं असतं, मांडीवर काकडीचं सँडविच घेऊन. दोन्ही डिक्या एकमेकींना मान लववतात. हवामानावर दोन वाक्यं होतात. वर्गणीचा विषय कुणी काढत नाही, पण हिशोब दोघांच्याही चेहऱ्यावर असतो.

बाथ हे शहर काकांना आवडत नाही. तिथल्या रोमन स्नानगृहात ४६ अंशांचं पाणी जमिनीतून आपोआप येतं, पण कार्ड चालत नाही आणि त्या पाण्यात उतरताही येत नाही. “तिकीट काढून नुसतं पाहाचं? आमच्या उनकेश्वरला डुंबता येते!” म्हणून बाथमध्ये आम्ही पल्टनी ब्रिज बघतो. पूल फुकट आहे.

इतिहासाची मात्र त्यांना फार आवड. त्यातले दोन व्यवहार त्यांना तोंडपाठ आहेत. ट्रस्टने १८९६ मध्ये आल्फ्रिस्टनचं जुनं पाद्र्याचं घर विकत घेतलं ते दहा पौंडांना. हा त्यांच्या लेखी सुवर्णकाळ. दुसरा व्यवहार स्टोनहेंजचा. ते दुसऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे, “पण आपलं कार्ड चालते”, हे ते हलक्या आवाजात, कुणी ऐकून सवलत बंद करील अशा भीतीने सांगतात. १९१५ मध्ये सेसिल चब नावाच्या गृहस्थाने ते लिलावात ६,६०० पौंडांना घेतलं. इथवर काका खूश. पण या माणसाने तीनच वर्षांत ते देशाला देऊन टाकलं. सरकारने त्याला सर केलं, काकांनी अजून माफ केलेलं नाही.

प्रत्यक्ष हवेलीत शिरल्यावर काकूंचे गुडघे बोलू लागतात. दालनात खुर्च्या वीस, पण प्रत्येकीवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं. ‘बसू नये’ अशी पाटी लावणं इंग्रजांना उद्धट वाटतं. काटा ठेवणं वाटत नाही. पडदे अर्धे ओढलेले, कोपऱ्यात स्वयंसेवक आजी उभ्या. त्या छतावरच्या नक्षीबद्दल सांगत असताना काका विचारतात, “हे सगळं गरम ठेवायला महिन्याला किती लागतं?” लोक हसतात, पण अख्ख्या विषयाचं मर्म तिथेच आहे. छप्परं गळत होती, एक मालक मेला की वारसाकर, पुढचा मेला की पुन्हा तोच; अशा रीतीने कितीतरी घराणी घाईला येऊन ट्रस्टच्या दारात उभी राहिली. काका मान डोलावतात. “आमच्याकडे वाडा बिल्डरले जाते.”

परवा आम्ही घराजवळच्या बॅसिल्डन पार्कला गेलो. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या २००५ च्या चित्रपटात नेदरफील्ड म्हणून दिसलं तेच. तिथल्या स्वयंसेवक आजींनी सांगितलं की हे घर बांधणाऱ्या फ्रान्सिस साइक्सने ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, बंगालमध्ये, पैसा मिळवला. मग त्या किंचित घुटमळल्या. समोर भारतीय चेहरा. आता काय ऐकावं लागणार याची तयारी ठेवून त्या उभ्या राहिल्या.

काका संतापले वगैरे नाहीत. त्यांचे डोळे चमकले. १७५१ च्या तहाने बंगालच्या नवाबाने नागपूरकर रघूजी भोसल्यांना सालिना बारा लाख रुपये चौथ द्यायचं कबूल केलं होतं, नंतर साइक्ससाहेबांच्या लोकांनी सत्ता घेतली पण आमची बाकी लटकवली. तर या घराचा साधारण चौथा हिस्सा, जिना आणि पश्चिमेकडच्या दोन खोल्या धरून, हिशोबाने नागपूरकडे येतो, असं त्यांनी अत्यंत सौजन्याने, नोंद घेण्यासारखी बाब म्हणून सांगितलं. नवाबाच्या रयतेला या चौथाईबद्दल काय वाटत होतं, हे मी विचारलं. काकांना तेव्हा ऐकू आलं नाही.

“हाउ फॅसिनेटिंग,” आजी म्हणाल्या आणि अभिप्रायाची वही पुढे केली.

काकांनी पाऊण पान भरून मागणी लिहिली. खाली सही, तारीख, सभासद क्रमांक. व्याज मात्र सोडून दिलं, चहा बरा होता म्हणून. काकूंना ते व्याज सोडणं अजून पटलेलं नाही.